खानेसुमारीतलं घर

मी लाखांदूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. आमच्याकडे गुरुजी म्हटलं की शिकवणं हे एक काम आणि मोजणं हे दुसरं. शाळेत न येणारी मुलं मोजायची, मतदार मोजायचे, आणि दर दहा वर्षांनी सगळी माणसं मोजायची. २००१ सालच्या जनगणनेत मी प्रगणक होतो. फेब्रुवारीचा महिना. धान केव्हाच कापून झालेलं, बांध्यांमध्ये लाखोळी उभी. सकाळची शाळा आटोपली की खांद्याला पिशवी अडकवून मी निघायचो. पिशवीत तक्त्यांचं पुडकं, सूचनापुस्तिका आणि दोन पेनं.

माझ्या वाट्याला आलेल्या घरांत एक घर गावातल्या मंदिराच्या पुजाऱ्याचं होतं. नाव सांगणार नाही. प्रगणकाने घरात ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून काही तपशीलही मी मुद्दाम बदलले आहेत. घरात म्हातारा, म्हातारी आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. नातं विचारण्याचा रकाना आला. कुटुंबप्रमुखाशी नातं काय? म्हातारा म्हणाला, "लेकच होय जी. लिवून टाका." तेवढ्यात चुलीपासून म्हातारीचा आवाज आला, "लेक लिवलं त तिच्या बापाचं नाव पुसलं नाही का जात? तो बिचारा मेला, पन होता ना! खोटं लिवू नोका, गुर्जी."

मुलगी म्हातारीच्या माहेरच्या गावची. आई-बाप दोघेही गेलेले. रक्ताचं नातं नाही, दत्तकाचा कागद नाही. पण दोन वर्षांची असल्यापासून याच घरात वाढलेली. मी पुस्तिका चाळली, पेन दोनदा टेकवून उचललं आणि शेवटी लिहिलं, 'नातं नाही'. मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तिला वाचता येत होतं. ती माझ्याच शाळेत होती.

बारा-तेरा वर्षांनी ती माझ्याकडे आली. लग्न होऊन गेलेली, कडेवर मूल. म्हातारा-म्हातारी दोघंही वारलेली. पुतण्यांनी घराचा ताबा घेतला होता आणि चारचौघांत म्हटलं होतं की ही पोरगी या घरची नव्हेच, कामाला ठेवलेली होती. ती मला म्हणाली, "गुर्जी, घर नको मले. पन तुम्ही त्या वर्षी मोठ्या कागदावर माहं नाव लिवलं होतं. तो कागद भेटन का?"

त्या दिवशी मी तिला जे सांगितलं ते सगळं कायद्याला धरून होतं. १९४८ चा जनगणना कायदा आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे हे तक्ते पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि त्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे. लोकांनी खरं सांगावं, सांगितलेलं उद्या आपल्यावर उलटेल अशी भीती वाटू नये, म्हणून तो केलेला आहे. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तो कागद मिळाला असता तरी त्यावर माझ्याच अक्षरात काय लिहिलेलं होतं, हे मी बोललो नाही. तिला ते आठवत होतं की नाही, देव जाणे.

तेव्हापासून मला या मोजणीच्या कागदांचा नाद लागला. निवृत्तीनंतर वेळही मिळाला. आपल्याकडे जनगणनेला जुना शब्द आहे, खानेसुमारी. फारसीत खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. म्हणजे खानेसुमारी ही मुळात घरांची मोजणी. मला वाटलं, शब्दातच घर आहे, तर जुन्या कागदांत कुठेतरी एखादं घर पुरतं सापडेल. माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो. त्याला म्हटलं, तिकडच्या जुन्या खानेसुमारीत आमच्या पुजाऱ्यासारखं घर दाखव. देवाधर्माचं काम करणाऱ्या माणसाचं.

सुट्टीत तो लाखांदूरला आला आणि त्याने संगणकावर पानं उघडून दाखवली. तिकडे १८४१ पासून माणसांची नावं लिहीत आले. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव हे रकाने आले. मोजणीच्या आधी घरोघर कोरे तक्ते वाटत, घरमालक ते भरून ठेवी, मग प्रगणक ते गोळा करून वहीत उतरवून घेई. त्या वह्या राहिल्या. शंभर वर्षं त्या बंद ठेवतात आणि मग सगळ्यांसाठी उघडतात. १९२१ ची गणना तिकडे २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. मात्र १९३१ ची बघायला मिळणार नाही, कारण तिचे कागद १९४२ साली आगीत जळाले. सरकार कितीही जपणारं असलं तरी आग सांगून येत नाही.

पाळकाचं घर त्या पानांवर कसं दिसतं? पहिल्या ओळीवर घराचा प्रमुख. व्यवसायाच्या रकान्यात तो कोणत्या गावच्या देवळाचा पाळक ते लिहिलेलं. दुसऱ्या ओळीवर बायको. मग मुलं, वयाच्या उतरत्या क्रमाने. आणि त्यांच्याखाली स्वयंपाकीण, मोलकरीण, कधी मुलांना शिकवणारी बाई. त्या काळी घरात राहणारे नोकर त्या घराच्याच यादीत धरत. प्रत्येकाचं वय, लग्न झालं की नाही, जन्म कुठला. शेवटी एक रकाना असे, माणूस मुका-बहिरा, आंधळा किंवा वेडा आहे का. एका रात्री त्या छपराखाली कोण झोपलं होतं, याचं ते चित्र. आठ-दहा ओळींत अख्खं घर.

मला हेवा वाटला, खरं सांगतो. पण मग माझ्या वाचनात एका मुलीची हकीकत आली आणि त्या वह्यांकडे बघण्याची नजर बदलली.

ही मुलगी मराठी. कोकणातून उत्तरेत जाऊन काशीत स्थिरावलेल्या एका कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातली. तिचे वडील नीलकंठशास्त्री गोरे. षड्दर्शनं कोळून प्यालेला पंडित. मिशनऱ्यांशी वाद घालता घालता त्यांचंच मन पालटलं आणि १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव घेतलं. पुढे १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात फादर गोरे म्हणून ज्यांचं नाव येतं ते हेच. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी. जन्म १८५३ चा, काशीतला. आई लवकरच वारली. बाळाला नीळ पिकवणाऱ्या एका इंग्रज दांपत्याने सांभाळायला घेतलं. १८५७ च्या धामधुमीत त्यांचं सगळं गेलं. मग ती मुलगी स्टॉर्स नावाच्या एका मिशनरी पाळकाच्या घरात आली आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली. तिथेच वाढली, शिकली.

आता १८७१ सालची इंग्लंडची खानेसुमारी घ्या. तारीख २ एप्रिल. एलन लक्ष्मी तेव्हा सतरा वर्षांची आणि इंग्लंडमध्येच होती. बाप हिंदुस्थानात धर्मगुरू आणि मुलीला वाढवलं दुसऱ्या एका पाळकाने. तिच्यासाठी तक्त्यात रकाने कोणते? नाव, प्रमुखाशी नातं, लग्न, वय, व्यवसाय, जन्म. नात्याच्या रकान्यात मुलगी म्हणावं तर बाप जिवंत आहे आणि तो दुसरा आहे. पाहुणी म्हणावं तर पाहुणे वर्षानुवर्षं राहत नाहीत. नोकर ती नव्हतीच. आणि जन्माचा रकाना? इंग्लंडात जन्मलेल्याचं गाव विचारत, परगणा विचारत. बाहेर जन्मलेल्यांसाठी देशाचं नाव लिहिलं की काम भागे. काशी, घाट, वडिलांचं षड्दर्शन, नीळवाल्याचं मोडलेलं घर, समुद्राचा प्रवास, हे सगळं एका देशाच्या नावात जाऊन बसणार. तक्त्याने खोटं काहीच म्हटलेलं नसतं. पण त्या ओळीवरून ही मुलगी कोण, हे कोणालाही कळायचं नाही.

मला म्हातारीचा आवाज पुन्हा ऐकू आला. "खोटं लिवू नोका, गुर्जी."

एलन लक्ष्मी १८८० मध्ये हिंदुस्थानात परतली आणि अमृतसरला मिशनचं काम करू लागली. तिची इंग्रजी स्तोत्रं १८८३ मध्ये संग्रहरूपाने छापली गेली. पुढे अलाहाबादला तिने अनाथाश्रम सांभाळला. स्वतः तीन घरांत वाढलेली ही बाई दुसऱ्यांच्या मुलांची सोय बघत राहिली. ती परतल्यावर काही महिन्यांतच, १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री, हिंदुस्थानात सगळीकडे एकाच वेळी घेतलेली पहिली खानेसुमारी झाली. म्हणजे एकच बाई एकदा त्यांच्या मोजणीत आली आणि एकदा आपल्या. तिकडची वही जपून ठेवलेली आहे. इकडची नाही. आपल्याकडे आकड्यांचे तक्ते तयार झाले, जाडजूड अहवाल छापले गेले आणि घरोघरी भरलेले कागद नष्ट करण्यात आले. तेवढे कागद ठेवायचे कुठे आणि कशासाठी, असा सरळ हिशेब.

त्या रात्रीची कल्पना करून बघा. तारीख ठरवताना साहेबलोक पंचांग बघत. मोठी जत्रा नको, लग्नाची तिथी नको, कारण माणसं घरी सापडली पाहिजेत. आणि चांदणं हवं, कारण प्रगणकाला रात्री घरोघर फिरायचं असे. आमच्या मध्य प्रांतात तर १८६६ पासूनच मोजण्या झाल्या होत्या. गावोगावी पटवारी, शाळामास्तर, लिहितावाचता येणारा जो मिळेल तो या कामाला जुंपलेला. वैनगंगेकाठच्या आमच्या गावांमधून असाच कोणी कंदील घेऊन, कुत्र्यांना हाड हाड करीत फिरला असेल. माझाच कोणी पूर्वज म्हणा. धंद्याने पूर्वज.

त्याला सूचना काय होत्या? त्यातली एक मला फार लागली. बायकांची नावं सांगायला घरच्यांनी आढेवेढे घेतले तर आग्रह धरू नये, नावाच्या जागी नुसतं 'स्त्री' लिहावं. मोजणी बिनचूक व्हावी म्हणून ही सवलत. डोकं मोजलं गेलं की झालं. म्हणजे जे कागद आज आपल्याकडे नाहीत, ते असते तरी त्यांतल्या कितीतरी घरांत आपल्याला फक्त स्त्री, स्त्री, स्त्री असंच वाचायला मिळालं असतं.

१९०१ साली आणखी एक पद्धत आली. प्रत्येक माणसासाठी कागदाची एक चिठ्ठी. तक्त्यातली माहिती चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठ्या खणांत लावत जायच्या. चिठ्ठीचा रंग धर्माप्रमाणे वेगळा. पुरुष कोण, बाई कोण, लग्न झालेलं की विधवा, यासाठीही खुणा. काम झपाट्याने होई, यात शंका नाही. पण विचार करा, एका घरातली पाच माणसं. नवऱ्याची चिठ्ठी एका खणात गेली, बायकोची दुसऱ्या, म्हाताऱ्या आईची विधवांच्या खणात, पोरांची आणखी कुठे. खानेसुमारीने खाना मोडला तो असा, कारकुनाच्या टेबलावर. पुन्हा ती पाच माणसं कधी एकत्र आली नाहीत.

त्याच १९०१ च्या गणनेत आमच्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ६३ हजार भरली. तेव्हा गोंदियाही आमच्यातच होतं. आधीच्या दहा वर्षांच्या मानाने ही जवळजवळ अकरा टक्के घट होती. मधे १८९७ आणि १९०० चे दोन दुष्काळ होऊन गेले होते. आकडा एवढं सांगतो की माणसं कमी झाली. मागे उरलेली पोरं कोणत्या दारात जाऊन उभी राहिली आणि कोणी त्यांना आत घेतलं, हे आकडा सांगत नाही. आमच्या पुजाऱ्याच्या म्हातारीसारख्या किती जणी त्या वर्षांत असतील, त्यांचा खण कोणत्याच टेबलावर नव्हता.

आता मी तुम्हांला त्याच काळातल्या एका पाळकाच्या घराबद्दल सांगतो. ते घर मात्र आपल्याला आतून-बाहेरून माहीत आहे. नारायण वामन टिळक हे कवी म्हणून तुम्हांला ठाऊक आहेतच. १८९१ च्या गणनेच्या वेळी टिळक हिंदू होते. ते नागपुरात राहत आणि १८९३ साली नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. ती गाडी आमच्याच जिल्ह्यातून जाते. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, तीच वाट. त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्याने त्यांना बायबल दिलं. मी वरठीला गाडीची वाट बघत उभा असलो की मला हटकून त्या डब्याची आठवण येते. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये ते रीतसर पाळक झाले.

आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याने धर्म बदलला हे कळल्यावर त्या कोसळल्या. कडेवर लहान दत्तू. काही वर्षं माहेरच्या माणसांच्या आश्रयाने काढली. मग त्या नवऱ्याकडे नगरला परत आल्या, पण हिंदू म्हणूनच. सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. एक एक गाठ त्यांची त्यांनीच उकलली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःला पटल्यावर.

आता प्रगणकाच्या नजरेने या घराकडे बघा. २६ फेब्रुवारी १८९१ च्या गणनेत हे एक हिंदू जोडपं. १ मार्च १९०१ च्या गणनेत एक ख्रिस्ती जोडपं. चिठ्ठ्यांचा रंग वेगळा झाला, एवढंच. मधली दहा वर्षं, म्हणजे नवऱ्याचं जाणं, बायकोचं रडणं, एकाच घरात दोन धर्म नांदणं, पाण्याचा वेगळा हंडा, हे सगळं दोन गणनांच्या मधे घडलं. एकाही प्रगणकाने ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी लिहिलं कुठे असतं? माझ्या २००१ च्या पुस्तिकेत कुटुंबाची व्याख्या होती, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं ती एक कुटुंब. व्याख्या चांगली आहे, आपल्या 'एका चुलीवरचे' या बोलण्याशी जुळणारी आहे. पण ज्या घरात बायको नवऱ्याच्या हातचं पाणी घेत नाही आणि तरीही त्याला सोडून जात नाही, ते घर एक की दोन? मला विचाराल तर मी पुन्हा पेन टेकवून उचललं असतं.

हे घर आपल्याला माहीत आहे ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग निघाला तेव्हा त्या हयात नव्हत्या. शाळेत न गेलेली बाई. नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं तेवढंच. त्यांच्या लिहिण्यात घरातली माणसं येतात, जातात, जेवतात, भांडतात. घरात आणलेली अनाथ मुलं येतात. पुढे नगरच्या त्या घरात बालकवी ठोंबरेही राहून गेले. त्यांना कोणत्या रकान्यात घालणार होतात? मुलगा, पाहुणा, की 'नातं नाही'? लक्ष्मीबाईंना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना रकानाच भरायचा नव्हता. कोण कसं आलं आणि घरात कसं राहिलं, एवढंच त्या सांगत गेल्या.

मला समजलं ते असं. इंग्लंडच्या वहीत एलन लक्ष्मीसाठी एक ओळ होती आणि ती ओळ जपली जाणार होती, पण त्या ओळीत तिची गोष्ट मावत नव्हती. नगरच्या घराची ओळ जळाली किंवा रद्दीत गेली, पण त्या घराची गोष्ट राहिली, कारण घरातल्याच एका बाईने ती लिहिली. मोजणी सरकारने करावी. ती लागते. शाळा, दवाखाने, रस्ते, धान्य, सगळं तिच्यावर ठरतं. मी स्वतः ते काम केलं आहे आणि त्याची मला लाज नाही. पण घर लिहून ठेवण्याचं काम सरकारचं नाही. ते घरातल्यांनी करायचं असतं.

आपल्या लोकांना ही गोष्ट अगदीच ठाऊक नाही असं नाही. काशीला, त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय चोपडी काढतो आणि आपल्या पणजोबाची सही दाखवतो. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या असतात. आमच्या भागात कोतवालाच्या वहीत गावातला जन्म आणि मरण टिपलेलं असे. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसील कार्यालयात त्याच जुन्या वह्यांच्या नकला मागायला जातात. पण या सगळ्या वह्यांत एक गोष्ट सारखी आहे. जन्म, लग्न, मरण. त्या तिन्हींच्या मधे जे माणूस दुसऱ्याच्या दारात आलं आणि तिथलंच झालं, त्याच्यासाठी पान नाही.

तर मी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. ती मुलगी गेल्यावर बरेच दिवस मला चैन पडलं नाही. मग एक दिवस दोनशे पानी वही आणली आणि त्या घराबद्दल मला आठवतं ते सगळं लिहून काढलं. गणनेच्या तक्त्यातलं नव्हे, तो मला उघडता येत नाही. गुरुजी म्हणून, गावकरी म्हणून मी जे पाहिलं ते. शाळेच्या पहिल्या दिवशी म्हातारा तिला खांद्यावर बसवून घेऊन आला होता. परीक्षेच्या दिवशी म्हातारी देवापुढचा अंगारा लावून पाठवायची. ताप आला तेव्हा म्हाताऱ्याने तिला सायकलवर पुढे बसवून वडशाच्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा दार ठोठावून त्याने माझीच सायकल मागून नेली होती. मंदिरात दिवा लावायचा मान तिचा होता. कामाला ठेवलेल्या पोरीला तो मान कोणी देत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. खाली माझी सही केली, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले आणि वही तिच्या सासरी नेऊन दिली.

कोर्टात ती वही टिकेल असं मी म्हणत नाही, आणि तिला कोर्टात जायचंही नव्हतं. तिने वही उघडली, थोडं वाचलं आणि विचारलं, "गुर्जी, त्या कागदावर तुम्ही 'नातं नाही' असं लिवलं होतं ना?"

म्हणजे तिला आठवत होतं. तेवढी वर्षं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माय म्हनत होती, गुर्जीनं माह्या बापाचं नाव पुसलं नाही, बरं केलं." आणि आत जाऊन तिने चहा ठेवला.

पुढच्या गणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. या वेळी प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाईल असेल. तो दारात येईल तेव्हा त्याला खरं सांगा, घाई करू नका, त्यालाही उन्हातून पुढच्या घरी जायचं आहे. मात्र तो गेल्यावर एक साधी वही काढा. घरात कोण कोण आहे ते लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते माणूस या घरात कसं आलं ते लिहा. सून असेल, आजी असेल, शिकायला राहिलेला भाचा असेल, किंवा एखादं कोणाचंच नसलेलं पोर असेल. नातं सांगता आलं नाही तरी कसं आलं ते सांगता येतं. तारीख टाका आणि वही ट्रंकेत ठेवा. आमच्याकडे वाळवी फार, तेव्हा ट्रंक पत्र्याची असू द्या.